मळे भेट एकटा ये

१

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो फोटो पडला तेव्हा माधवी देवतळे प्रार्थनेच्या रांगा सरळ करत होती. प्रार्थना संपेपर्यंत फाटकाशी उभ्या पालकांत कुजबुज सुरू झालेली होती.

फोटो एका मोबाइलच्या पडद्याचा होता. वर नाव होतं ‘वर्षाली’. त्याखाली एकच ओळ:

‘का ऊन लपून राहिला मळे भेट एकटा ये मी वाट पाहतो’

फोटो टाकणाऱ्याने पुढे लिहिलं होतं, ‘ही तुमची जागलवाली. बाकीच्या मुलींना हेच शिकवते का?’

सिंदी रेल्वेपासून थोड्या आतल्या त्या गावात ‘जागलवाली’ वर्षाली एकच. रूपराव चाफल्यांची मुलगी, दहावीतली. उभ्या पिकाला रानडुकरांनी हात लावू नये म्हणून वावरात जागत बसतात, ती जागल. माधवीने शाळेत नेटचा तास सुरू केला आणि त्यातून मुलांचा गट उभा राहिला, तेव्हा हे नाव वर्षालीनेच सुचवलं होतं. हा गट घरोघरी जाऊन खोट्या लिंका कशा ओळखायच्या, फोटो कुणाला पाठवायचे नाहीत, अनोळखी माणसाने गोड बोलायला सुरुवात केली की काय करायचं, हे आयाबायांना समजावून सांगे. बाहेरगावच्या शाळाही आता त्यांना बोलवायला लागल्या होत्या.

मुख्याध्यापक योगेंद्र माने यांनी माधवीला बोलावून घेतलं. रूपराव आधीच तिथे उभे होते. भाजीचा बाजार अर्धा सोडून आले होते. सदऱ्याच्या बाहीला ओली माती होती. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

“फोन पेटीत टाकून कुलूप लावलं, सर. दहावी झाली का घरी बसन. वर्ध्याले सायन्स शिकाची गोष्ट आता आमच्या घरात निंघणार नाई.”

“रूपरावजी, तुम्ही फोन उघडून पाहिला का?” माधवीने विचारलं.

“काय पाह्यचं मॅडम? गावानं पाह्यलं तेवढं पुरे नाई झालं?”

वर्षाली भिंतीशी ताठ उभी होती. डोळे कोरडे.

“वर्षाली, हे तू लिहिलं?”

“नाई मॅडम.”

“मग कोणी?”

मुलीने एकदा वडिलांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. “कोणं लिहिलं ते मले माहीत हाये. पण सांगणार नाई.”

२

वर्षाली वर्गात आणि रूपराव बाजारात परत गेल्यावर माने सरांनी फोन टेबलावर ठेवला. ते मूळचे सांगलीकडचे, इकडे बदलून आलेले. माणूस सरळ, पण निकाल द्यायची घाई फार.

“बाई, यात शोधायचं काय आहे? ऊन, लपून, मळ्यात भेट, एकटा ये, मी वाट पाहते. एवढं स्वच्छ लिहिलंय.”

“‘पाहते’ नाही सर. ‘पाहतो’ लिहिलंय.”

सरांनी चष्मा लावला. “मग मुलानं लिहिलं. हिच्या फोनवरून. त्यांच्याकडे तो पुतण्या राहतो ना, रोशन? म्हणजे ती त्यालाच पाठीशी घालतेय. पण फोन तिचा, जबाबदारी तिची. नेटच्या तासाला तुम्हीच हे शिकवता.”

हे खरं होतं. ‘आपला फोन म्हणजे आपली सही,’ हे माधवीने फळ्यावर लिहिलेलं वाक्य मुलांना पाठ होतं. आणि म्हणूनच तिला बोचत होतं. वर्षाली खोटं बोलत नाही, एवढ्यावर माधवी पैज लावायला तयार होती. पण विश्वास म्हणजे पुरावा नव्हे.

“उद्या शाळा सुटेपर्यंत थांबा सर. तोवर तिचं नाव गटातून काढू नका.”

तिने फोटो पुन्हा उघडला आणि या वेळी शब्द वाचले नाहीत. नुसतं चित्र पाहिलं. ओळ पडद्याच्या डाव्या बाजूला, पांढऱ्या चौकटीत होती.

“सर, आपण पाठवलेला निरोप आपल्या फोनवर कुठे दिसतो?”

“उजवीकडे. हिरव्या चौकटीत.”

“आणि आलेला?”

सरांनी फोटो पुन्हा जवळ धरला.

“हा फोटो वर्षालीच्या फोनवर काढलेला नाही. ज्याला निरोप मिळाला, त्यानंच काढला आणि त्यानंच आपल्या ग्रुपवर टाकला. मागचंपुढचं कापून एकच ओळ ठेवली. तुम्ही ग्रुपचे प्रमुख आहात. फोटो टाकणारा नंबर कुणाचा आहे, बघा.”

सरांनी बोट फिरवलं. कुठल्याच पालकाच्या नावापुढे तो नंबर नव्हता. फोटो टाकून तो माणूस ग्रुपमधून बाहेरही पडला होता.

“हा आत आला कसा?” माधवीने विचारलं.

माने सर पंख्याकडे बघत राहिले.

३

मधल्या सुट्टीत माधवीने समीक्षाला गाठलं. गटात वर्षालीनंतर तिचाच नंबर. तळेगावच्या शाळेत जाऊन बोलायचं होतं, तिथे पुढे कोण उभं राहणार यावरून दोघींत धुसफूस झाल्याचं साऱ्या वर्गाला माहीत होतं.

“तुले आनंद झाला असन,” माधवी मुद्दाम म्हणाली.

समीक्षा भडकली. “कायचा आनंद, मॅडम? मले तिच्यापेक्षा चांगलं बोलून पुढं जायचं हाये. तिले असं पाडून नाई!” मग खालच्या आवाजात, “अन् ते तिनं लिहिलंच नाई. कोणी आंधळा बी सांगन.”

“कसं काय?”

समीक्षाने आपला फोन काढून वर्गाचा ग्रुप दाखवला. शाळेत फोन आणायला बंदी होती. तो कुठून निघाला हे माधवीने त्या दिवसापुरतं विचारलं नाही. मुलांचे निरोप खाली खाली सरकत गेले. सगळे मराठी, सगळे इंग्रजी अक्षरांत. वर्षालीचाही एक होता: ‘udya vahi anjo, visru nko!!’

“आमच्यातलं कोणीच मराठी अक्षरं टाइप करत नाई मॅडम. कोण शोधत बसन वेलांट्या? तुम्ही रागावता तरी नाई करत. अन् वर्षालीले तर दोन उद्गारचिन्हं टाकल्याबिगर झोप येत नाई. त्या ओळीत पाहा. टिंब बी नाई.”

माधवीने फोटो पाहिला. खरंच, ना स्वल्पविराम, ना प्रश्नचिन्ह. शब्द एका दमात बाहेर पडल्यासारखे.

“मग रोशन?”

“रोशनदादा?” समीक्षा हसली. “तो तर कोणाले हॅपी बड्डे म्हणाचं तरी अंगठ्याचं चित्र टाकते.”

४

रोशन भाजीच्या वाडीतच सापडला. वांग्याच्या ओळींत पाणी सोडत होता. माधवीला पाहून त्याने गुडघ्यापर्यंत गुंडाळलेला पायजमा खाली सोडला आणि विचारायच्या आधीच सुरू झाला.

“मॅडम, मले काकानं सकाळीच धुतलं. आता तुम्ही बी धुवा.”

“‘पाहतो’ असं लिहिलंय. घरात तरुण मुलगा तूच.”

“होव. अन् त्या फोनले हात लावाची माझी टाप नाई.” त्याने ओला हात पुसला. “पहिले मी त्यावर गेम खेळो. एक दिवस गेममधल्या कोण्या पोट्ट्याले मी गावाचं नाव सांगून टाकलं. वर्षालीनं ऐकलं न् असं भाषण देल्लं मले, असं भाषण देल्लं... लहान बहीण हाये माझी, पण सासूबाईच वाटे. त्याच दिवशी तिनं फोनले कुलूप लावलं. आता तो दोनच बोटांनं उघडते.”

“कोणाच्या?”

“एक तिचं.”

“आणि दुसरं?”

रोशनने खांदे उडवले. “काकाचं नाई, काकूचं नाई, माझं नाई. म्या तिघाईचं लावून पाह्यलं.”

“काका-काकूंचंही?”

“झोपले असतानी,” रोशन म्हणाला आणि जीभ चावली.

माधवीला हसू आलं, ते तिने वांग्यांकडे पाहून गिळलं. निघताना सहज विचारलं, “रोशन, या जागेले तुम्ही घरी काय म्हणता?”

“वाडी.”

“मळा नाई म्हणत?”

“मळा?” त्याने तो शब्द पहिल्यांदाच तोंडात घेतल्यासारखा उच्चारला. “पुस्तकात राह्यते तो?”

५

बसची वाट पाहत माधवी फाट्यावर उभी राहिली. डोक्यात तीन गोष्टी घोळत होत्या. गावात कुणी म्हणत नाही असा ‘मळा’. मुलं वापरत नाहीत ती मराठी अक्षरं. आणि मुलगा नसताना आलेलं ‘पाहतो’.

बस आली, भरली, हलली. मागून एक म्हातारी टोपली सावरत धावत सुटली. “थांबजो भाऊ! मी बी येतो!”

कंडक्टरने हात देऊन तिला वर घेतलं. “मावशी, चढा लवकर.”

“चढतो ना बावा, चढतो. उडू का आता?”

बसमधले हसले. माधवी मात्र दांड्याला धरून तशीच उभी राहिली. ती इकडचीच, समुद्रपूरची. तिची स्वतःची आजी आयुष्यभर ‘मी येतो, मी जातो’ म्हणत आली होती. या भागातल्या जुन्या बायका अशाच बोलतात, आणि शाळेत गेलेल्या मुली ‘येते, जाते’ म्हणतात. ‘पाहतो’ म्हणणारा मुलगा नव्हता. मुलगी तर नव्हतीच.

पण इतक्या वयाची बाई मराठी अक्षरं टाइप करील? टिंब न देता, एका दमात?

एका दमात.

माधवीने पर्समधून फोन काढला. निरोपाच्या चौकटीशेजारचं माइकचं चिन्ह दाबलं आणि फोन तोंडाशी धरून, शेजारच्या प्रवाशाची पर्वा न करता, आजीच्या बोलीत तीन शब्द म्हणाली.

पडद्यावर जे उमटलं ते वाचून ती पुढच्याच थांब्यावर उतरली.

६

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या आधी माने सरांच्या खोलीत चौघे होते: सर, माधवी, रूपराव आणि वर्षाली. माधवीने कुलूपबंद फोन आणायला सांगितलं होतं. रूपरावांनी तो रुमालात बांधून आणला, आणि गाठ सोडली नाही.

“रूपरावजी, एक काम करा,” माधवीने स्वतःचा फोन त्यांच्यापुढे धरला. “इथं तोंड लावा आन् मी सांगते तसं म्हणा. तुमच्या रोजच्या बोलीत. मला सांग, का बरं राग आला तुला.”

“हे काय नाटक हाये मॅडम?”

“म्हणा तर.”

रूपरावांनी घसा खाकरला. “मले सांग, काऊन राग आला तुले.”

फोन क्षणभर थांबला. मग त्याने लिहिलं. माधवीने पडदा त्यांच्याकडे वळवला.

‘मळे सांग का ऊन राग आला तुळे’

रूपरावांनी वाचलं. पुन्हा वाचलं. “म्या असं कधी म्हटलं?”

“तुम्ही बरोबर म्हटलं. फोनले तुमची बोली येत नाही. त्याले पुस्तकातली मराठी येते. ‘मले’ ऐकलं की त्याले ‘मळे’ वाटतात. ‘काऊन’ ऐकलं की तो तोडून ‘का ऊन’ करतो. ‘राह्यला’चं ‘राहिला’ करतो. सर, तुम्हाला वाचताना मळा दिसला, कारण तुमच्याकडे मळे आहेत. यांच्याकडे वाडी आहे. आणि बाकी गावानं घाईनं वाचलं. आपलीच बोली समोर होती, कुणाला ओळखू आली नाही.”

तिने फोटोतली ओळ कागदावर लिहिली आणि खाली तीच ओळ पुन्हा, जशी बोलली गेली तशी:

काऊन लपून राह्यला? मले भेट! एकटा ये! मी वाट पाहतो!

माने सरांनी ती मोठ्याने वाचली आणि वाचतानाच त्यांचा आवाज बदलला. “ही... ही भेटायची गोष्ट नाहीये. हा तर दम आहे.”

“दमच आहे. बोलून दिलेला. ‘पाहतो’ म्हणणाऱ्या जुन्या बाईनं दिलेला.” माधवी रूपरावांकडे वळली. “तुमच्या घरात फोनशी बोलून निरोप कोण पाठवतं?”

रूपराव खुर्चीत बसले. काल दिली तेव्हा घेतली नव्हती ती खुर्ची.

“माय,” ते म्हणाले. “तळेगावच्या सखूमावशीले रोज पाठवते. पोरीनं शिकवलं तिले.”

“बाबा, तिले काही म्हणू नका!” वर्षालीचा बांध तिथे फुटला. “आजीनं मले स्वतःच्या गळ्याची आण घातली. म्हणे, तुया बापाले कळलं तर तो फोन फोडन न् तुले घरी बसवन.”

रूपराव हातातल्या रुमालाकडे पाहत होते. आजीचं म्हणणं त्यांनी काल सकाळीच जवळजवळ खरं करून दाखवलं होतं.

७

आजीला, रुख्माबाईला, बोलवायला माणूस पाठवावा लागला नाही. रोशनच्या मोटरसायकलवर मागे बसून ती स्वतःच आली होती आणि दाराशी उभी राहून ऐकत होती.

“होव, मीच म्हटलं,” ती आत येत म्हणाली. “सारं नाई लिहिलं त्या मुर्द्या फोननं. म्या याच्याहून जास्ती म्हटलं होतं.”

“माय, तू मले काऊन नाई सांगितलं?”

“तुले? तुया पुतणीनं, अंकितानं, तुले सांगितलं होतं ना का कोणी तिले फोन करकरून सतावते? काय केलं तू? फोन घेतला न् पोरगी घरी बसवली. सतावणारा तसाच राह्यला मोकळा.”

रूपरावांनी रुमालाची गाठ सोडली. फोन आईपुढे धरला. म्हातारीने अंगठा टेकवला आणि पडदा उजळला.

निरोपांची सगळी माळ तिथे होती. वर्षालीने त्यातलं काही पुसलं नव्हतं. ‘अंजू’ नावाच्या मुलीने मैत्री मागितली होती, मग कबड्डीच्या कपड्यातले फोटो मागितले होते. आजीची ती ओळ सोडली तर पहिल्या दिवसापासून वर्षालीच्या बाजूने एक अक्षर नव्हतं.

“तुला कधी संशय आला?” माने सरांनी विचारलं.

“अंजूचा फोटो मी नेटवर शोधून पाह्यला, सर. तोच चेहरा वेगवेगळ्या नावांनं सापडला. म्हणजे अंजू म्हणून कोणी नाईच. कोणी तरी लपून बसलेला हाये.” मुलगी आता सरळ उभी होती, तासाला उत्तर देते तशी. “उत्तर द्याचं नाई, पुसाचं नाई, विश्वासाच्या मोठ्या माणसाले सांगाचं. मी आजीले सांगितलं. तेवढ्यात त्यानं लिहिलं का फोटो नाई दिला तर तुयेच फोटो बिघडवून गावात फिरवीन.”

“ते वाचून दाखवलं तिनं मले,” रुख्माबाई म्हणाली. “म्हणे, आजी, आता याले ब्लॉक करतो न् उद्या मॅडमले दाखवतो. पोरगी पाणी आणाले गेली. म्या तेवढ्यात फोन घेतला.”

“आजी, उत्तर नाई द्याचं असते,” माधवी म्हणाली.

“मले काय माहीत बाई? तिनं मले बोलाचं शिकवलं. चूप बसाचं नाई शिकवलं.”

रोशन दारात फिस्सकन हसला. मग वर्षालीही, डोळे पुसता पुसता.

माने सर हसले नाहीत. त्यांनी आपल्या फोनवर शाळेचं पान उघडलं, जे नेटवर कुणालाही दिसतं. जागल गटाचा फोटो, खाली मुलांची नावं आणि नंबर, आणि त्याखाली: ‘पालकांनी ग्रुपमध्ये येण्यासाठी इथे दाबा.’

“हे मी टाकलं,” ते म्हणाले. “कालच लक्षात आलं होतं. बोललो नाही. त्या माणसाला आपल्या घरचं दार मीच उघडून दिलं. नाव, फोटो, नंबर, सगळं एका जागी.” त्यांनी तिथेच ती लिंक, नावं आणि नंबर काढून टाकले. मग वर्षालीकडे वळले. “पोरी, चूक मोठ्यांनी केली आणि उभं तुला केलं. ग्रुपवर हे मी माझ्या नावानं लिहिणार आहे. आत्ता.”

“सर, नंबर काढला ते बरं केलं,” वर्षाली म्हणाली. “पण आधी त्या पानाचा फोटो काढून ठेवाचा होता. पोलिसांले लागन.”

सर ओशाळले. माधवी खिडकीकडे वळली. इतकी वर्षं फळ्यावर खडू झिजवला, पण आपण शिकवलेलं आपल्या पुढे निघून गेलेलं तिने असं समोरासमोर कधी पाहिलं नव्हतं.

“माझ्याजवळ आहे तो फोटो,” ती म्हणाली. “कालच काढून ठेवला.”

८

सिंदीच्या ठाण्यात टेबलामागच्या हवालदाराने रूपरावांना समोर बसवलं आणि विचारलं, “बोला काका, काय झालं पोरीसोबत?”

“तिलेच विचारा,” रूपराव म्हणाले. “तक्रार तिची हाये. मी बाप म्हणून सही करतो.”

वर्षालीने सांगायला सुरुवात केली. कुठून नंबर मिळाला, कोणत्या दिवशी काय आलं, कोणता निरोप जपून ठेवला आहे. अडखळली नाही. हवालदाराने मध्येच लिहिणं थांबवलं आणि आतल्या खोलीतून साहेबाला बोलावलं. साहेब उभ्याउभ्याच ऐकत राहिले. संपल्यावर म्हणाले, “पुरावा इतका नीट ठेवून कुणी येत नाही. वर्ध्याच्या सायबरवाल्यांकडे आजच पाठवतो. नंबर आहे, माणूस निघेल.” मग मुलीकडे वळून, “कितवीला गं तू?”

“दहावीले.”

“पुढं काय करणार?”

वर्षाली हवालदाराच्या पेनाकडे पाहू लागली. त्या प्रश्नाचं उत्तर तिच्या हातात नव्हतं. ते काल सकाळपासून पेटीत कुलूपबंद होतं.

“वर्ध्याले जाणार ना,” रूपराव म्हणाले. “सायन्सले. होस्टेलवर ठेवतो तिले.”

मुलीने झटकन वळून बापाकडे पाहिलं. ते साहेबाकडेच पाहत होते, मान ताठ, बाजारात आपल्या वाडीच्या पहिल्या वांग्यांपुढे बसतात तशी.

हवालदाराने पुन्हा पेन उचललं. “संपर्कासाठी फोन कुणाचा लिहू, काका? तुमचा?”

रूपरावांनी रुमालातला फोन काढला आणि मुलीच्या हातात दिला.

“तिचा लिवा,” ते म्हणाले.